आधी ठेका, मग रंग, शब्द सर्वांत शेवटी

मुलींच्या वसतिगृहात, आश्रमशाळेत किंवा महिला आधारगृहात ‘कलेतून मनोपचार’ असं काही सुरू झालं की आपल्याकडे खानदेशात वाद ठरलेल्या दोन बाजूंनी पेटतो. एक बाजू म्हणते, पोरींना नाचवून आणि चित्रं काढायला लावून मनाचे घाव भरत असते तर डॉक्टर कशाला लागले असते? दुसरी बाजू तितक्याच ठासून सांगते की आपल्या आया-आज्यांनी घरोट्यावर (जात्यावर) आणि आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) झोक्यावर हेच केलं, त्यांना कुठे गोळ्या लागल्या? दोघांचं भांडण एकाच गोष्टीवरून आहे: कलेत बरं करण्याची ताकद आहे की नाही. ती आहेच. जे माणसाला आतून हलवतं ते त्याला मोडूही शकतं, आणि वादात नेमका हाच अर्धा भाग कुणी उच्चारत नाही. वर्षानुवर्षं छळ सोसलेल्या माणसासाठी संगीत, हालचाल, चित्र आणि नाट्य यांचा एकत्रित वापर हा गंभीर, उपयोगी उपचार आहे, असं माझं ठाम मत आहे. मात्र तो क्रमाने, थोड्या थोड्या मात्रेत, प्रशिक्षित माणसाच्या हाताखाली आणि महिनोन्‌महिने चालला पाहिजे. तसं जमणार नसेल तर तो सुरूच करू नये. एका दिवसात उरकलेल्या शिबिरापेक्षा काहीच न केलेलं बरं.

आधी दुखणं कोणतं ते नीट पाहायला हवं, कारण वादातला निम्मा गोंधळ तिथे आहे. धुळ्याजवळ महामार्गावर ट्रकने उडवलेल्या माणसाला पुढे कित्येक महिने हॉर्न ऐकून घाम फुटतो, हा आघाताचा एक प्रकार. दहाव्या वर्षापासून घरातल्याच माणसाचा अत्याचार सोसणारी मुलगी, पंधरा वर्षं रोज मार खाणारी बाई, लहानपणीच कुणाकडे तरी कामाला जुंपलेलं पोर, यांचं दुखणं त्याच्याहून वेगळं. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये हा फरक मांडला. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात ‘गुंतागुंतीचा आघातोत्तर तणाव’ ही स्वतंत्र नोंद आली आणि ते वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू झालं. नेहमीच्या आघातात तीन गोष्टी असतात: प्रसंग आत्ताच घडतोय असा पुन्हा पुन्हा अनुभव, त्याची आठवण देणारं सगळं टाळणं, आणि सतत धोका जवळ असल्यासारखं सावध राहणं. गुंतागुंतीच्या आघातात त्यांत आणखी तीन मिळतात. भावना उतू जातात नाहीतर गोठून बसतात. ‘मीच घाण, मीच वाईट’ ही समजूत हाडीमाशी मुरते. आणि माणसांजवळ जाणंही जमत नाही, दूर राहणंही सोसत नाही. असं माणूस दवाखान्यात येतं ते डोकं दुखतं, छातीत धडधडतं, अंगाची आग होते, झटके येतात असं सांगत. बऱ्याचदा त्याला एक सलाईन लागते आणि ते घरी जातं. नाहीतर ‘अंगात आलं’ म्हणून भगताकडे नेलं जातं.

या माणसाला समोर बसवून ‘काय झालं ते सांग’ म्हणणं ही उपचाराची सुरुवात होऊ शकत नाही. १९९६ मध्ये बॉस्टनला झालेल्या एका मेंदू-प्रतिमा अभ्यासात आघाताची आठवण जागी केल्यावर भावनेची आणि दृश्याची केंद्रं उसळलेली आणि बोलण्याशी जोडलेलं ब्रोका केंद्र मंदावलेलं दिसलं. अभ्यास लहान होता, त्यावर इमले बांधू नयेत. तरीही आघात सोसलेल्यांसोबत काम करणाऱ्या कुणालाही हे परिचयाचं आहे: विचारलं की घसा आवळतो, ओठ हलतात, शब्द येत नाही. खानदेशात याच्यावर आणखी एक थर चढतो. मुलगी पावरी ही आदिवासी बोली बोलणारी, समुपदेशक प्रमाण मराठीत विचारणार. बाई आयुष्यभर अहिराणीत रडली-भांडली, तिच्यापुढे छापील मराठी प्रश्नावली. भिली, मावची, लेवा गणबोली, यांतल्या कुठल्याच बोलीत सहसा उपचार मिळत नाही.

कला इथे उपयोगी पडतात, आणि एकत्र उपयोगी पडतात, कारण प्रत्येकीचं काम निराळं आहे. ठेका शरीराला सांगतो की पुढचा क्षण ठाऊक आहे, तो ठरल्या वेळीच येईल. सतत सावध असलेल्या माणसाला यापेक्षा मोठा दिलासा नाही. हालचालीतून स्वतःच्या हातापायांवरचा ताबा परत येतो. चित्र आतली गोष्ट बाहेर कागदावर ठेवतं, म्हणजे तिच्याकडे लांबून बघता येतं, ती झाकता येते, उलटी ठेवता येते. नाट्यात दोन माणसांमधलं नातं उभं करून बदलून पाहता येतं. शब्द या सगळ्यानंतर येतात आणि तेव्हा ते सोसवतात. नुसतं चित्र दिलं तर माणूस त्यातच रुतून बसू शकतं. नुसता नाच दिला तर गोठलेलं शरीर लाजेने अधिकच गोठतं. एका माध्यमातून दुसऱ्यात जाण्याची ती हालचाल हाच एकत्रित उपचाराचा गाभा आहे.

हे जवळून पाहू. समजा एक मुलगी काळा तेलखडू कागदावर इतका दाबून फिरवते की खडू मोडतो, कागद फाटायला येतो. ‘हे काय काढलंस?’ असं कुणी विचारलं की तिचे डोळे खाली जातात आणि त्या दिवसाचं काम संपतं. जाणती उपचारक एवढंच म्हणते, ‘या काळ्याला ठेका असता तर कसा असता?’ मुलगी बाकावर बोटांनी ठोकते, भराभर, वेडंवाकडं. बाकीच्या तोच ठेका हलक्या हाताने आपल्या मांडीवर वाजवतात. कुणी काही बोलत नाही. तिच्या मनातलं सहा जणींनी जसंच्या तसं परत दिलं, नावं न ठेवता. मग तिलाच विचारायचं, आता थोडं सावकाश वाजवून बघायचं का? ठेका उतरतो, त्याच्याबरोबर श्वासही उतरतो. मग चित्र तिच्यापासून किती अंतरावर हवं? ती उठून ते भिंतीपाशी ठेवून येते, कदाचित वर दुसरा कोरा कागद टाकते. शेवटी हवं तर चित्राला एक नाव, नको तर नाही. यात तिने काय भोगलं ते खोलीत कुणालाही कळलं नाही. पण भीतीच्या लाटेचा वेग आपल्या हाताने कमी करता येतो, हे तिच्या शरीराला कळलं. पुढची सगळी उभारणी त्यावर आहे.

विरोधकांचा सर्वांत भक्कम मुद्दा पुराव्याचा आहे आणि तो मान्य करावाच लागेल. कलोपचारावरचे बहुतेक अभ्यास लहान आहेत, कित्येकांत तुलनेसाठी दुसरा गट नाही, आणि ‘कलोपचार’ या एका नावाखाली दर ठिकाणी वेगळंच काहीतरी चाललेलं असतं. आघात-केंद्रित सीबीटी (विचार आणि वागणं यांवर बोलून केलेलं काम) आणि ईएमडीआर (आठवण मनात धरून डोळ्यांची ठरावीक हालचाल) या पद्धतींचा पुरावा त्याहून बराच मजबूत आहे. झोप उडालेल्या, खोल नैराश्यात गेलेल्या माणसाला औषधांचा उपयोग होतो आणि शिबिराच्या भरात कुणी ‘आता गोळ्या सोड’ म्हणत असेल तर ते अक्षम्य आहे. एवढं मान्य करून एक प्रश्न उरतोच. ज्या पद्धती शब्दांवर आणि आठवणीला थेट सामोरं जाण्यावर उभ्या आहेत, त्यांच्यापर्यंत हे माणूस पोचायचं कसं? बोलताना ज्याचं भान तुटतं, त्याला आधी भान टिकवता आलं पाहिजे. ती तयारी ठेका, हालचाल आणि रंग करून घेतात. जिल्ह्यात सीबीटी किंवा ईएमडीआर जाणणारं माणूस मिळालं तर पुढचा टप्पा त्याच्याकडे द्यावा, यात कमीपणा कसला? आणि पुरावा कमी आहे म्हटल्यावर मोजण्याची जबाबदारी वाढते. याच आजारासाठी तयार केलेली, विनामूल्य मिळणारी १८ प्रश्नांची इंटरनॅशनल ट्रॉमा क्वेश्चनेअर आहे. ती सुरुवातीला, आठव्या आठवड्यात आणि शेवटी भरून घ्यावी, बोलीत तोंडी विचारून. आकडे खाली येत नसतील, किंवा वर जात असतील, तर थांबून मानसोपचारतज्ज्ञाला दाखवावं. ज्या उपक्रमाला हे मोजमाप नको आहे त्याच्यावर टाइमपासचा आरोप झाला तर मी त्याची बाजू घेणार नाही.

दुसऱ्या बाजूचं म्हणणं मनाला अधिक भिडतं, म्हणून त्याला जरा सविस्तर उत्तर द्यायला हवं. आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. उपचारक जे कष्टाने शिकतात ते सगळं त्या झोक्यावर आहे. झोक्याचा येण्या-जाण्याचा एकसारखा ठेका आहे. एकीने ओळ टाकली की दुसरी उचलते, म्हणजे ऐकणारं माणूस आहे. सासू-नणंदेची तक्रार गाण्यातल्या कुणा दुसरीच्या तोंडी आहे, म्हणजे अंतर आहे. आणि सण ठरल्या दिवशी संपतो, म्हणजे हद्दही आहे. ठेका, साक्षीदार, अंतर, हद्द. घरोट्यावरच्या ओवीतही हेच चार. ज्यांनी हे घडवलं त्या बायकांना मनाचं शास्त्र कळत नव्हतं असं कोण म्हणेल?

पण लोकगीतात तेच दुःख मावतं जे बोलायला समाजाने आधीच परवानगी दिलेली असते. सासूचा जाच गाता येतो, दिराचा टोमणा गाता येतो. काकाने, मामाने, बापाने जे केलं त्याची ओवी कुठे आहे? गुंतागुंतीचा आघात बहुतेक वेळा त्याच दुःखाचा असतो ज्याला परंपरेने चाल दिली नाही. जळगावात १९९४ मध्ये उघडकीला आलेल्या लैंगिक शोषण प्रकरणात किती मुली-बायांनी बोलणंच नाकारलं, बोललं तर आपलंच घर उठेल या भीतीने, ते या जिल्ह्याला आठवत असेल. शिवाय झोका सगळ्यांसाठी नव्हता. टाकून दिलेली, विधवा झालेली, नाव निघालेली बाई त्या निंबाखाली नव्हती. आणि जिच्यावर माहेरातच अत्याचार झाला, तिला माहेरच्या कौतुकाचं गाणं म्हणायला लावणं म्हणजे काय, याचा विचार करा. तेच गाणं शेजारच्या बाईला गार वाऱ्यासारखं आणि हिला सुरीसारखं. म्हणून लोकगीत आणताना आधी प्रत्येकीला एकटीला विचारावं लागतं: कोणतं गाणं नको? कोणतं वाद्य नको? बालविवाह झालेल्या मुलीला बँडवरचं लग्नाचं गाणं, मारहाणीच्या रात्री शेजारी वाजणारा डीजे, होळीच्या ढोलाचा अचानक दणका, यातलं काहीही तिला क्षणात जुन्या जागी नेऊन आपटू शकतं.

मग लोककलेला या उपचारात जागा कुठे? हर्मन यांनी उपचाराचे तीन टप्पे सांगितले: आधी सुरक्षितता, मग आठवण आणि शोक, मग माणसांत परतणं. लोककला पहिल्या आणि तिसऱ्या टप्प्यात अमोल आहे. ओळखीचा ठेका, ओळखीची बोली पहिल्या टप्प्याला हात देते. आणि तिसऱ्यात, जिला आपण माणसांत बसायच्या लायकीची नाही असं वाटत होतं ती बाई फेरात सगळ्यांसोबत पाऊल टाकते, तेव्हा त्याची बरोबरी कुठलाही बंद खोलीतला उपचार करू शकत नाही. मधला टप्पा मात्र लोककलेवर सोपवता येत नाही. आणखी एक. धडगाव-अक्कलकुव्याकडचे पावरा, भिल्ल यांचे नाच त्यांचे आहेत. त्यांच्या मुलींनी आपला नाच आपल्या मनाने आणला तर उत्तम. शहरातून आलेल्या उपचारकाने तो दोन तासांत शिकून ‘थेरपी’ म्हणून परत त्यांनाच विकू नये.

आता शिबिराकडे वळू. सगळ्यांना गोल बसवायचं, दिवे मंद करायचे, करुण संगीत लावायचं, डोळे मिटायला सांगायचं, ‘आयुष्यातला सर्वांत वाईट दिवस आठवा आणि रंगवा’ म्हणायचं, पोरी हमसून रडल्या की मिठ्या मारायच्या, फोटो काढायचे आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायचं. रडणं झालं म्हणजे मन मोकळं झालं, हा त्यामागचा समज. हा समज जगाने एकदा करून पाहिला आहे. १९८० च्या दशकापासून अपघात आणि आपत्तीनंतर लोकांना एकाच बैठकीत सगळं बोलायला लावण्याची ‘डीब्रीफिंग’ पद्धत जोरात होती. हेतू चांगला होता, लोक बरं वाटल्याचंही सांगत. मग चाचण्या झाल्या. भाजलेल्या रुग्णांवरच्या १९९७ च्या एका चाचणीत १३ महिन्यांनी डीब्रीफिंग झालेल्यांपैकी २६ टक्क्यांना आघातोत्तर तणाव होता, न झालेल्यांत ९ टक्क्यांना. वैद्यकीय चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २००२ च्या आढाव्याने अशी सक्तीची एका बैठकीतली पद्धत बंद करावी असं स्पष्ट म्हटलं. हे एकाच अपघातातून गेलेल्या प्रौढांचं झालं. दहा वर्षं अत्याचार सोसलेल्या चौदा वर्षांच्या मुलीचं त्या एका दुपारनंतर रात्री वसतिगृहाच्या खाटेवर काय होत असेल? तेव्हा तिथे ना उपचारक असते, ना समुपदेशक. असते ती एकटी अधीक्षिका, जिला दुपारी खोलीत काय घडलं हेही कुणी सांगितलेलं नसतं.

जळगावच्या केळीवाल्यांना हे समजावून सांगायची गरज नाही: मुळाला ठिबकने दिलेलं पाणी पीक वाढवतं, तेच पाणी एकदम सोडलं तर मूळ कुजतं. मात्रा म्हणजे नेमकं काय, ते आता सांगतो.

गट सहा ते आठ जणींचा, त्याहून मोठा नको. चालवणाऱ्या दोघी. एक काम घेते. दुसरीचं काम फक्त बघत राहणं आणि कुणाला बाहेर जावंसं वाटलं तर सोबत जाणं. गटात घेण्याआधी प्रत्येकीशी एकटीने दोन भेटी. त्यांत झोप, आत्महत्येचे विचार, फिट्स, चालू औषधं, नको असलेले आवाज-वास-स्पर्श, आणि त्या रात्री घरी किंवा खोलीवर सोबत कोण असेल, एवढं विचारून घ्यायचं. आत्महत्येचा धोका, भास-भ्रम किंवा तपासणी न झालेले झटके असतील तर आधी जिल्हा रुग्णालय. बैठक आठवड्यातून एकदा, त्याच वारी, त्याच वेळी, त्याच खोलीत, दीड तासाची. एकूण साधारण २४ बैठका, आणि त्यांतल्या पहिल्या सहा ते आठांत जुन्या प्रसंगाला हातही लावायचा नाही. संस्थाचालकांना हे सर्वांत जड जातं. ‘दोन महिने झाले, अजून पोरी बोलल्या नाहीत?’ नाही बोलल्या. त्या वेळेवर येतात, बसतात, हसतात आणि नको तेव्हा ‘नको’ म्हणतात. पहिल्या टप्प्याचं फळ तेच.

खोली हा अर्धा उपचार आहे. समाजमंदिर किंवा अंगणवाडीची खोली सोपी पडते, पण खिडकीतून पोरं डोकावतात, मधेच कुणी पुरुष चावी मागायला येतो आणि तासभराची कमाई जाते. दार आतून लोटलेलं असावं, कडी लावू नये. कडीचा आवाजच कित्येकींना पुरेसा असतो. दाराकडे पाठ करून कुणाला बसवू नये. एप्रिल-मे मध्ये पत्र्याखाली दुपारी बैठक घेणं हा तर शुद्ध अडाणीपणा. पारा ४४-४५ वर असताना धडधड, घाम, घुसमट उन्हानेच होते आणि शरीराला ती भीतीसारखीच वाटते. सकाळी आठची वेळ धरावी.

बैठकीत पहिली दहा मिनिटं येऊन टेकण्याची: पाणी, पाय जमिनीला, प्रत्येकीने आपलं नाव सांगणं. मग पंधरा मिनिटं ठेका, मांडीवर किंवा डफावर बोटांनी, चालण्याच्या वेगाहून जलद नाही. एक वाजवते, बाकीच्या परत देतात. मोठ्या ढोलाने सुरुवात करू नये. मग वीसेक मिनिटं हालचाल, आणि तीही लहान: बसल्या बसल्या हात, खांदे, मग उभं राहून वजन एका पायावरून दुसऱ्यावर. डोळे उघडे. ‘डोळे मिटा’ ही सूचना योगवर्गात चालते. इथे मिटलेल्या डोळ्यांमागे नेमकं काय वाट बघतं ते ठाऊक असल्याने ती द्यायची नाही. कुणाच्या अंगाला हात लावून पवित्रा दुरुस्त करायचा नाही. मग पंचवीस मिनिटं कागद. तो लहान असावा, वहीच्या पानाएवढा, आणि कडेने आधी चौकट आखून घ्यावी. मोठ्या कोऱ्या ड्रॉइंग शीटपुढे माणूस बुडतं. साहित्याचाही क्रम आहे. पेन्सिल, स्केचपेन, तेलखडू हे हाताच्या ताब्यात राहतात, म्हणून आधी ते. पाण्याचे रंग पसरतात, ओली माती हाताला चिकटते, वास येतो, त्यामुळे ही दोन्ही सहाव्या-आठव्या बैठकीनंतर, आणि शाडूचा गोळा मुठीत मावेल एवढाच, शेजारी हात धुवायला पाणी. लाल रंगाच्या ओल्या मातीने एखादीचं भान हरपलं तर तो तिचा ‘नाटकीपणा’ नव्हे, आपली चूक. शेवटची पंधरा-वीस मिनिटं परत ठेक्याकडे, मग चहा, मग पुढचा वार कोणता ते. एका बैठकीत दोनच माध्यमं खोलवर घ्यावीत आणि त्यांतलं एक ओळखीचं असावं. चारही कला एका दिवसात घेतल्या तर चार दारं एकदम उघडतात आणि बंद करायला वेळ उरत नाही. भावना चढू लागली की अधिक ताब्यातल्या माध्यमाकडे वळायचं: मातीकडून खडूकडे, खडूकडून ठेक्याकडे.

नाट्य सर्वांत शेवटी आणि सर्वांत जपून, साधारण बाराव्या बैठकीनंतर. स्वतःचा प्रसंग उभा करायचा नाही. कोल्हा-ससा, बाहुल्या, कुणा दुसऱ्या गावच्या बाईची गोष्ट, असं अंतर हवं. छळणाऱ्याची भूमिका गटातल्या कुणालाही द्यायची नाही. ती रिकाम्या खुर्चीने किंवा पिशवीने करावी, कारण ती भूमिका करणारी मुलगी रात्री स्वतःला धुवून काढू शकत नाही. खेळ संपला की पात्राची ओढणी काढून, झटकून, घडी करून ठेवायची आणि प्रत्येकीने मोठ्याने सांगायचं: मी अमुक, आज अमुक वार, मी या खोलीत आहे. घाईत हा भाग सुटतो आणि मग दोन दिवस मुलगी कुणाशी बोलत नाही.

बिघडतं ते बहुधा शांतपणे बिघडतं. आरडाओरडा करणारी मुलगी लगेच दिसते. धोक्यात असते ती एकटक बघणारी, जिचा खडू अर्ध्यावर थांबलाय, जी उत्तर द्यायला दोन-तीन श्वास जास्त घेते. चालवणाऱ्यांपैकी दुसरीने नेमकं हेच टिपायचं. संगीत बंद. जवळ जाऊन, पण स्पर्श न करता, तिच्या बोलीत तिचं नाव घ्यायचं. पाय जमिनीवर दाबायला सांगायचं, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं विचारायची, गार पाण्याचा पेला हातात द्यायचा. ‘काय व्हयनं?’ हा प्रश्न तेव्हा विचारायचा नाही. चित्रं त्या त्या मुलीच्या नावाच्या फाइलमध्ये, कपाट कुलूपबंद. भिंतीवर प्रदर्शन नाही, अहवालात फोटो नाही, चेहरा झाकूनही नाही. गावात अक्षरावरूनही माणूस ओळखतात.

मुलींच्या बाबतीत कायद्याची एक अट उत्साही कलाकारांना माहीतच नसते. २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या १९ व्या कलमाप्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर कळवणं बंधनकारक आहे. म्हणून ‘इथे बोललेलं बाहेर जाणार नाही’ असं सरसकट वचन देता येत नाही. काय बाहेर जाईल हे पहिल्याच दिवशी सांगावं लागतं. आणि चित्राचा अर्थ लावून ‘हा तुझा काका आहे का?’ विचारणाऱ्याने खटल्याचं नुकसान केलेलं असतं. चित्र हा पुरावा नव्हे. मुलगी आपणहून जे बोलली ते तिच्याच शब्दांत, तारीख घालून लिहून ठेवावं, बाकी तपास यंत्रणेवर सोडावं.

सर्वांत टोकदार आक्षेप कार्यकर्त्यांकडून येतो आणि तो ऐकून मान खाली जाते. सरदार सरोवराने अक्राणी-अक्कलकुव्यातल्या ३३ गावांवर पाणी आणलं. १ जुलै २०१८ ला साक्री तालुक्यात राईनपाड्याला नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं जमावाने ठेचून मारली. अशा ठिकाणी तुम्ही रंगाचे खडू घेऊन जाणार? आधी जमीन द्या, न्याय द्या, नवऱ्याच्या तावडीतून सोडवा. यातलं बरंच खरं आहे. विस्थापन हा आजार नव्हे, अन्याय आहे; त्याला उपचाराची भाषा लावली की दोष सोसणाऱ्याच्या मनात सरकतो. ज्या बाईला त्याच संध्याकाळी त्याच माराकडे परत जायचं आहे, तिला निवारा आणि पोलीस आधी लागतात.

तरी ‘आधी न्याय, मग मन’ हा क्रम मला मान्य नाही, कारण न्यायाला लागणाऱ्या दहा-पंधरा वर्षांत माणसाने जगायचं कसं? फ्रीडल डिकर-ब्रँडाइस ही जर्मनीतल्या बाउहाउस कलाशाळेत शिकलेली चित्रकार १९४२ च्या डिसेंबरमध्ये नाझींच्या तेरेझिन छळवस्तीत आली. तिथल्या मुलांना तिने चित्रकला शिकवली. छळ काढा असं ती सांगत नव्हती. ठेक्यावर रेषा ओढणं, समोरची वस्तू बघून काढणं, जुन्या चित्रांची रचना समजून घेणं, टाकाऊ कागदाची चिकटचित्रं, असे तिचे धडे असत आणि मुलं चित्रावर आपलं नाव लिहीत. ऑक्टोबर १९४४ मध्ये तिला ऑशविट्झला नेऊन मारलं. बहुतेक मुलंही वाचली नाहीत. दोन सुटकेसमधली सुमारे साडेचार हजार चित्रं मागे राहिली. कलेने त्यांना वाचवलं नाही, आणि असं सोंग तिने कधी आणलं नाही. पण नाव पुसून नंबर देणाऱ्या जागेत तासभर एखादं पोर स्वतःच्या हाताचं मालक होतं. न्याय येईपर्यंत थांबून राहिलं असतं तर तो तासही मिळाला नसता. तिचे धडे पाहिले की हेही दिसतं: धोका चालू असताना पहिल्या टप्प्याचंच काम करायचं असतं. आठवण उकरणं तिथे वर्ज्य.

राहिला प्रश्न माणसांचा. राज्यातली चार जुनी मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत. खानदेशात एकही नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार हा हक्क केला. २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा कायद्याच्या परिशिष्टात कला आणि नृत्य-हालचाल उपचारकांचाही उल्लेख आला. कागद तयार आहे. कोलकात्यात सोहिनी चक्रवर्ती यांच्या ‘संवेद’ संस्थेने २००४ पासून तस्करीतून सुटलेल्या मुलींसोबत नृत्य-हालचालीचं काम उभं केलं आणि त्यातल्या काही मुली पुढे स्वतः प्रशिक्षक झाल्या. आपल्याकडे हे जमणार नाही असं कशावरून? प्रत्येक जिल्ह्यात दोन-तीन पूर्ण प्रशिक्षित उपचारक, त्यांच्यावर महिन्यातून दोनदा देखरेख करणारा अनुभवी माणूस, आणि जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाशी पक्का दुवा, एवढ्यावर मधला टप्पा चालू शकतो. पहिल्या टप्प्याचं ठेका-श्वास-पाय जमिनीला एवढं काम गृहपाल, अधीक्षिका, आशाताई, अंगणवाडीताई यांना चार-पाच दिवसांत नीट शिकवता येतं, पण थांबायचं कुठे हे त्याच प्रशिक्षणात बजावून. रात्री-अपरात्री आधार म्हणून १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक प्रत्येक मुलीला पाठ असावा.

आणि वेळापत्रक इथल्या जगण्याप्रमाणे आखावं. कापूस वेचणीला लागलेली बाई ऑक्टोबर-नोव्हेंबरात दर बुधवारी येणार नाही. ऊसतोडीला गुजरातेत किंवा पश्चिम महाराष्ट्रात जाणारं कुटुंब दिवाळीनंतर निघतं ते उन्हाळ्यातच परततं. मधल्या टप्प्यात ती मुलगी गटातून उचलली गेली तर उघडलेली जखम ती फडावर घेऊन जाते. वसतिगृहातला गट जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू केला तर दिवाळीपर्यंत वीसेक बैठका होतात, मुली घरी जाण्याआधी पहिला टप्पा पक्का होतो आणि मधला जमेल तेवढा होऊन नीट मिटवता येतो. निधी ३१ मार्चच्या आत संपवायचा म्हणून फेब्रुवारीत दोन दिवसांचं ‘कलोपचार शिबिर’ घेऊन कुणी दारात आलं, तर गृहपालांनी त्यांना चहा पाजावा, पत्र परत करावं आणि जून ते दिवाळीचे सगळे बुधवार लेखी मागावेत.